गुलाबभाऊंचं टोपडं

तुमसरात गाडी बिघडली आणि तुम्ही गुलाब शहारेंच्या दुकानी गेलात, तर आधी बोलणी खावी लागायची. "आवाज कवापासून येऊन राहिला?" असं ते विचारणार, तुम्ही "आठ-दहा दिस झाले असतील" म्हणणार, आणि मग पाना खाली ठेवून ते म्हणणार, "पोटात दुखलं तं दहा दिस बसता का जी घरी?" एवढं झाल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही. चांगले जाडजूड मिलवाले त्यांच्यासमोर मुकाट उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली त्यांनी दुकान टाकलं. दुकान म्हणजे राइस मिलांच्या रस्त्यावर चार टिनं आणि एक लोखंडी पेटी. शिक्षण नववी. इंजिनाला कान लावून ते दुखणं सांगायचे, आणि चुकले तर चुकलो म्हणायचे. आमच्या धंद्यात हे दुसरं फार कमी लोकांना जमतं.

मिलांच्या रस्त्यावर हंगामात धानाचा भुसा उडतो. तो डोळ्यांत जातो, चहात पडतो आणि गाडीच्या एअर फिल्टरमध्ये जाऊन बसतो. फिल्टर बनवणाऱ्यांनी तुमसर पाहिलेलं नसावं, कारण आमच्याकडे तो तीन-चार महिन्यांत गच्च व्हायचा. गुलाबभाऊंनी त्यावर तोड काढली. पवनीच्या कोष्ट्यांकडून हातमागाचं विरळ सुती कापड आणायचं, बायकोनं, म्हणजे पंचफुलावहिनींनी, घरच्या मशीनवर त्याचं इलॅस्टिकचं टोपडं शिवायचं, आणि ते हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर चढवायचं. पंधरा दिवसांनी काढून झटकायचं, धुवायचं, परत घालायचं. लोक आधी हसले. गुलाबभाऊ गाडीचं बारसं करून राहिले म्हणाले. मग त्यांचेच फिल्टर वर्षभर टिकायला लागले, तेव्हा गप्प बसले.

प्रत्येक टोपड्यावर, आणि बसवलेल्या प्रत्येक पार्टवर, ते पिवळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका द्यायचे. पार्ट कंपनीचा नसून बाहेरचा असेल तर बाहेरचा म्हणून सांगायचे. ठिपका कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "उद्या बिघडलं तं माणसाले समजलं पायजे, कोनाच्या घरी जाऊन भांडाचं ते."

मी अश्विन, त्यांच्याच मोहल्ल्यातला. आयटीआय करून दोन वर्षं घरी बसलो होतो. भंडाऱ्याला एका मोठ्या कंपनीच्या गाड्यांची एजन्सी उघडली, तेव्हा चांगला मेकॅनिक शोधत त्यांची माणसं गुलाबभाऊंकडे आली. गुलाबभाऊ म्हणाले, "माह्याच्यानं ते कंप्युटर होत नाई. अश्विनले घेऊन जा. पोट्टा खरं बोलते." माझी शिफारस एवढीच होती, आणि तेवढ्यावर मला एसी ऑफिसात खुर्ची मिळाली.

सहा वर्षांनंतरच्या मार्चमध्ये आंबागडचे देवाजी त्यांची गाडी घेऊन आमच्याकडे आले. गावातले पेशंट तुमसरला न्यायचे, लग्नाची भाडी मारायची, यावर त्यांचं घर चालायचं. गाडी शिट्टी मारत होती आणि मागून निळा धूर सोडत होती. टर्बो, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा, गेला होता. वॉरंटी दोन वर्षांची, गाडीला झाले होते चौदा महिने. म्हणजे कंपनीनं टर्बो फुकट बदलून द्यायचा, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

त्याआधीच्या दीड महिन्यात अशाच तीन गाड्या आल्या होत्या. टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी तिन्हींत कारखान्यातूनच चेपलेली होती, आणि तेलावाचून टर्बो जळला होता. तिन्ही आम्ही वॉरंटीत बदलून दिले. देवाजींच्या गाडीची नळी मी स्वतः काढून पाहिली. तशीच चेपलेली.

मॅनेजरसाहेबांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "अश्विन, हा चौथा क्लेम वर पाठवला की तपासणीला माणूस येणार आणि आपल्यालाच धारेवर धरणार. गाडीला बाहेरचं काही लावलेलं आहे का, ते बघ जरा." एप्रिलपासून बढती मिळून वॉरंटीचं टेबल माझ्याकडे यायचं होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि तशी गरजही नव्हती.

शोधावं लागलंच नाही. बॉनेट उघडलं की पिवळा ठिपका समोरच. कुणी चोरून काही लावलं असतं तर मला अर्धा दिवस लागला असता. इथे माणसानं जबाबदारी घेऊन सही करून ठेवली होती. मी फोटो काढले. ठिपका नीट दिसावा म्हणून टोपडं उजेडाकडे वळवलंसुद्धा. फॉर्ममध्ये लिहिलं, हवेच्या मार्गात बाहेरचा भाग बसवल्यामुळे बिघाड, क्लेम नामंजूर. खाली सही केली. नळीचा फोटो मी काढला नाही.

देवाजी बाहेर बाकावर बसून होते. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी वाद घातला नाही. "गुलाबभाऊनं लावलं होतं जी ते," एवढंच म्हणाले, आणि गाडी दोरानं ओढून घेऊन गेले. लग्नसराईभर ती त्यांच्या अंगणात उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी गुलाबभाऊ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत देवाजींच्या गाडीवरून काढून आणलेलं टोपडं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझी काढणार. मनातून मला तेच हवं होतं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मलाही चिडता आलं असतं. पण ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर अगदी कडेला बसले.

"अश्विन, मी भांडाले नाई आलो," ते म्हणाले. "मले एकच सांग. टोपड्यानं हवा कमी पडली का? म्हणून गेला का टर्बो?"

मी कंप्युटरवर देवाजींची फाईल उघडली.

"मी लय विचार केलो. हवा कमी पडली असती, तं गाडीनं चढावर दम टाकला असता. देवाजी म्हणते, शेवटपर्यंत पळत होती. पण तुमच्यापाशी मशिनी हायेत. माह्यापाशी कान हाय फक्त. चाळीस गाड्याइले लावलो हावो मी ते. खरं सांग."

केबिनची काच तीन पावलांवर होती. आत साहेब फोनवर बोलत होते, त्यांचं इकडे लक्षही नव्हतं. मला कुणी दटावलं नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. "नाही भाऊ" एवढे दोन शब्द हळूच म्हणायचे होते, ते साहेबांना ऐकूही गेले नसते.

मी म्हणालो, "हो भाऊ. हवाच कमी पडली." माझा आवाज कापला वगैरे नाही. उलट, सगळ्या गाड्यांवरची टोपडी काढून टाका, असा सल्लाही मी वर दिला.

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ हातातल्या टोपड्याची शिवण बोटानं चाचपत बसले. मग म्हणाले, "बरं झालं सांगतलास. नाई तं अजून किती जनाचं नुकसान केलो असतो मी." जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्या हाताची आठवण आली की आजही अंग चोरावंसं वाटतं.

त्यानंतर त्यांनी जे केलं, ते फक्त गुलाबभाऊच करू शकत होते. लुनावर बसून ते चाळीसही घरी गेले. मोहाडी, आंबागड, पार पवनीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी स्वतः बॉनेट उघडायचे, टोपडं काढायचे आणि सांगायचे, "चूक माही होती." पंचफुलावहिनी माझ्या आईजवळ म्हणाल्या, "लोक इचारत बी नाई, तं हे उगाच घरोघरी जाऊन आपलीच बदनामी करून राहिले." आईनं मला ते जेवताना सांगितलं. मी भाजी वाढून घेतली.

ज्या माणसानं दारात येऊन आपली चूक सांगितली, त्याच्याकडे पुन्हा गाडी कोण नेणार? कुणी त्यांना टाकून बोललं नाही, फक्त गिऱ्हाइकं येईनाशी झाली. दोन वर्षांत दुकानासमोर गाडी दिसेना. फवारणीचे पंप आणि पंक्चर, एवढंच काम उरलं. ते आता गिऱ्हाइकाला बोलेनासेही झाले. कुणी काही आणलं की निमूट हातात घ्यायचे. त्या चाळीसातल्या आठ-दहा गाड्या आमच्याकडे सर्व्हिसिंगला येऊ लागल्या. भुशानं भरलेले फिल्टर मी बदलून द्यायचो, वर्षाला तीन-तीन.

रविवारी आम्ही दोघंही विहारात जायचो. ते पुढच्या ओळीत असायचे, मला पाहिलं की सरकून जागा करायचे. पंचशीलातलं चौथं, खोटं न बोलण्याचं, आलं की मी नुसते ओठ हलवायचो. शेजारी त्यांचा आवाज खणखणीत यायचा. पुढे पुढे मी रविवारी काही ना काही काम काढायला लागलो, आणि शेवटी भंडाऱ्यालाच खोली करून राहिलो.

चौथ्या वर्षी कंपनीनंच पत्र काढलं. त्या सालच्या सगळ्या गाड्यांची तेलाची नळी सदोष आहे, ती फुकट बदलून द्यावी. पत्र हातात पडल्यावर मला धीर आला. कंपनीनं स्वतः कबूल केल्यावर, आपल्याला काही होणार नाही अशी खात्री झाल्यावर, मला खरं बोलावंसं वाटलं. असा माझा धीर.

रविवारी दुपारी पत्र खिशात घालून तुमसरला गेलो. गुलाबभाऊ घराच्या ओसरीवर एकटेच पंप खोलून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "भाऊ, टोपड्याची काही चूक नव्हती. नळी चेपलेली होती. मला त्याच दिवशी माहीत होतं."

त्यांनी पत्र वाचून दाखवायला लावलं. इंग्रजी होतं, मी मराठीत सांगत गेलो. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला खाली बघावं लागलं. ते आत वळून ओरडले, "ऐकलीस काय वो? टोपडं बरोबर होतं. मी म्हनत होतो ना, गाडीनं चढावर दम नाई टाकला." वहिनी दारात आल्या. पत्राकडे न बघता माझ्याकडेच पाहत उभ्या राहिल्या.

मग गुलाबभाऊंनी विचारलं, "देवाजीले सांगतलास?"

"नाही अजून."

"त्यानं गाडी भंगारात देल्ली. आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर हाय." त्यांनी पाना खाली ठेवला. "मंग मले काहून पयले सांगून राहिला?"

ते रागावून बोलले नव्हते, त्यांना खरंच कळत नव्हतं. मला कळत होतं. गुलाबभाऊ मला माफ करतील हे ठाऊक होतं, म्हणून मी त्यांच्याकडे आलो होतो. देवाजींचं तसं काही ठाऊक नव्हतं.

त्यांनी पत्राची घडी घालून परत माझ्या खिशात ठेवली. "साडेचारची बस हाय आंबागडची. इतवारी तो घरीच असते. हे त्याले दे, अन् नळीचं सांग. मी येत नाई संगं. मी आलो तं तो माह्या तोंडाकडं पाहील, तुह्या नाई." आणि पुन्हा पंपाकडे वळले.

मी स्टँडवर गेलो. आंबागडची बस लागलेली होती. हा कागद देवाजींच्या हाती पडला तर ते ग्राहक मंचात जाऊ शकतात आणि जुन्या फॉर्मवर सही माझी आहे, हे मी तिथेच पहिल्यांदा नीट ध्यानात घेतलं. कंडक्टरनं मला दोनदा विचारलं, यायचं आहे का म्हणून. मी नाही म्हटलं आणि भंडाऱ्याच्या गाडीत जाऊन बसलो.