स्कार्फ काढून वेचलेला कापूस

“मुली गणवेशात होत्या का?” मॅडमनी विचारलं.

“नाई. वावरात ड्रेस कोण घालते? नुसते स्कार्फ होते गळ्यात.”

“वेचताना गळ्यात स्कार्फ होते?”

“वेचताना नव्हते. आंधी काढून ठेवले.”

“कोणी काढायला लावले?”

“शांतानं.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. आमची केस तिथंच पडली होती. मला ते कळलं नाही. मी आपला बोलतच राहिलो.

यवतमाळला एका शाळेच्या हॉलमध्ये ती मीटिंग होती. स्काऊट-गाईडचं काम फुकटात करणारी जिल्ह्यातली माणसं जमली होती. बहुतेक मास्तर आणि मास्तरणी. त्यात मी एकटा पाचवी पास. माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा. घाटंजीच्या एका शेठकडे मी पंचवीस-तीस वर्षं लग्नाचे मांडव बांधले. त्यामुळे कॅम्प लागला की मला बोलवायचे आणि क्वार्टरमास्टर म्हणायचे. नाव मोठं, काम सोपं. तंबू, दोर, खुंट्या, डेगची, पराती, सगळं सामान न्यायचं, लावायचं आणि मोजून परत आणायचं. मला पोरांना काही शिकवायचं नसे. पोरांना शिकवायची माझी बायको.

शांता आमच्या गावची अंगणवाडीवाली. दहावी झालेली. तिनं ट्रेनिंग घेतलं आणि गावातल्या मुलींची गाईड कंपनी काढली. कंपनी म्हणजे कारखाना नव्हे. मुलींच्या पथकाला कंपनी म्हणतात आणि पथक चालवणाऱ्या बाईला कॅप्टन. आधी लोक हसले. एक म्हणाला, “शांताबाई, पोरी शिट्ट्या मारत फिरून राह्यल्या, कोण करन त्याइच्याशी लग्न?” शांता म्हणाली, “तुमच्या पोराले वाजवता येत असन तं सांगा, जोडी जमवू.”

गाईडच्या परीक्षांच्या पायऱ्या चढत चढत सहा मुली राज्य पुरस्काराच्या तोंडाशी आल्या. त्यांची पुढारी वनिता. ही तांड्यावरची, बंजाऱ्याची पोर. उंच, बोलायला कमी, कामाला वाघीण. तिला नर्सिंगला जायचं होतं. पुरस्काराचं सर्टिफिकेट असलं की तिथं थोडं वजन पडतं, असं शांता म्हणायची. खरंखोटं मला माहीत नाही. पण त्या पोरीचा सगळा जीव त्या सर्टिफिकेटात होता.

पुरस्काराला बाकी गोष्टींबरोबर एक सेवेचं काम लागतं. गावाच्या उपयोगाचं, ठरवून केलेलं, आणि कॅप्टनच्या देखरेखीखाली. आमच्या मुलींनी हँडपंपाजवळ शोषखड्डे करायचं ठरवलं होतं. सांडपाणी मुरायला दगडविटांचे खड्डे करतात, ते. दिवाळीच्या सुट्टीत काम करायचं, मग अर्ज, मग उन्हाळ्याच्या तोंडावर परीक्षेचा कॅम्प. वनिताला तेवढा एकच कॅम्प सापडत होता. पुढच्या कॅम्पाला तिचं वय उलटणार होतं. वयाचा नियम पक्का. त्यात कोणाची रडारड चालत नाही.

आणि त्याच दिवाळीच्या आधी शांताला नागपूरला न्यावं लागलं. पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, घरी न्या, आवडते ते खाऊ घाला. एवढंच बोलला. मी त्याला पुढे काही विचारलं नाही. काय विचारणार?

घरी आलो तर वावर पांढरं झालेलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव असा पडला होता की वेचायची मजुरी दिली तर हातात काही उरत नव्हतं. कित्येकांनी फुटलेला कापूस तसाच पऱ्हाटीवर, म्हणजे झाडावरच, सोडला होता. मीही सोडणार होतो. आजारी माणूस सोडून मी काय बोंडं वेचत बसू? पण शांता खाटेवरून म्हणाली, “वावर असं पाहून मले झोप येत नाई. अवो, कोणाचं असं उघडं वावर पाहवते का?”

हे कोणीतरी वनिताला सांगितलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाही जणी दारात हजर. गळ्यात स्कार्फ, कमरेला फडकी.

“काका, आमी वेचून देतो.”

“मजुरी नाई देऊ शकत मी.”

“मागतली का कोणी?”

शांता मला म्हणाली, मले बी न्या. मी बैलगाडीत गवत टाकलं, वर गोधडी टाकली आणि तिला धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखाली नेऊन ठेवलं. आमच्याकडे वेचणी सुरू करताना सीतादई करतात. वावरात चार दगड मांडून पूजा करायची, दहीभात शिंपडायचा, मग पहिलं बोंड वेचायचं. ते तिनं गाडीत बसल्या बसल्या वनिताच्या हातून करून घेतलं. मग मुली पऱ्हाटीत शिरणार तोच ती ओरडली. ओरडली म्हणजे काय, आवाज होताच कुठं.

“पोरींनो, स्कार्फ काढा आंधी!”

मुली थांबल्या. एकमेकींकडे पाहिलं. मग वनितानं पहिला काढला, घडी केली आणि गाडीच्या दांडीवर ठेवला. तिच्यामागून बाकीच्यांनी. मला वाटलं, मळतील म्हणून सांगते आहे. पऱ्हाटीला काटक्या असतात, बोंडाच्या टोकानं कापड ओढलं जातं. शांता कपड्याला फार जपायची. मी चहाला काटक्या गोळा करायला गेलो. आलो तेव्हा शांता वनिताला जवळ बोलावून काहीतरी रागावत होती आणि वनिता मान हलवत होती. काय चाललं ते मी विचारलं नाही. बायकांचं बोलणं, म्हणून सोडलं.

अख्खी सुट्टी त्या वेचत होत्या. बोटं सोलली. दुपारी शांता गाडीतून त्यांना कॅम्पातली गाणी म्हणायला लावायची आणि सूर चुकला की शिव्या द्यायची. एवढं हसताना मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. वावर काळं झालं, म्हणजे पांढरं काही उरलं नाही. शोषखड्डे तेवढे राहिले. सुट्टी संपली आणि शांताचं बसणंही संपलं.

संक्रांतीच्या आधी ती गेली. जायच्या दोन दिवस आधी मला म्हणाली, “वनिताचं तेवढं पाहा.” मी हो म्हणालो. त्यासाठीच मी त्या मीटिंगला गेलो होतो. तिथं पुरस्काराचे अर्ज पक्के व्हायचे होते. शांताच्या जागी कंपनीचं बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून मला येऊ दिलं. तीन आठवडे माझ्या घरात कोणी बोललं नव्हतं. त्यामुळे मी तिथं जरा जास्तच बोललो.

मी म्हणालो, “मॅडम, हे मुलींचं सेवेचं काम धरा. आजारी बाईचं वावर वेचलं. फुकट वेचलं. याच्यापेक्षा मोठी सेवा कोणती राह्यते?”

मॅडम जिल्ह्याच्या संघटक. वयानं माझी मुलगी शोभतील एवढ्या. कॅम्पात शांताच्या हातची भाकर खाल्लेल्या. त्यांनी नियम वाचला. सेवा समाजाची पाहिजे, आणि पथक चालवणाऱ्यानं मुलांकडून स्वतःचं घरचं काम करून घेतलं तर ते सेवेत धरायचं नाही.

दारव्ह्याचे एक सर माझ्या बाजूनं उठले. स्काऊटमास्टर, मोठ्या आवाजाचा माणूस. “मॅडम, मागच्या साली एका पुढाऱ्याच्या सभेत पोरांनी खुर्च्या मांडल्या. ते सेवेत धरल्या गेलं. अन् मरणाऱ्या बाईचं वावर वेचलं तं नाई चालत? हे कोणतं शास्त्र हाय?”

“तेही धरायला नको होतं सर. तेव्हाही मी विरोध केला होता. खुर्च्या तुमच्याच पोरांनी मांडल्या होत्या.”

हॉलमध्ये हशा झाला. सर खाली बसले. बसता बसता म्हणाले, “मंग आमचंच कापा बापा, पन या पोरीइचं होऊ द्या.” माणूस चांगला होता.

मग मॅडमनी मला ते गणवेशाचं आणि स्कार्फचं विचारलं, जे मी सुरुवातीला सांगितलं. माझ्या तोंडून शांताचं नाव ऐकल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मी म्हणालो, “मळतीन म्हणून काढायले लावले तिनं.”

“नाही काका. मळतील म्हणून नाही.” त्या सावकाश बोलल्या. “गळ्यात स्कार्फ असला की मुलगी गाईड म्हणून काम करते. स्कार्फ काढला की ती गावातली एक मुलगी. बाईंना नियम पाठ होता. हे काम मोजायचं नाही, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं होतं.”

मला राग आला. मेलेल्या माणसाचा हिशेब ही काल आलेली पोर सांगते! मी म्हणालो, “तिनं ठरवलं असन. ती आता नाई. वनिताचं वय उलटून राह्यलं. बाकीच्या पोरी पुढच्या साली बसतीन, ही कधी बसन? तुमाले एक सही करायची हाय. कायले अडवता?”

“काका, उद्या एखादा मास्तर आपल्या वावरात पोरं लावील. सेवा म्हणून लिहील. आणि मला म्हणेल, त्या घाटंजीकडच्या बाईंचं चाललं, मग माझं काहून नाही? त्याला मी काय सांगू? बाईंचं नाव त्याच्या तोंडी येऊ देऊ?”

हे ‘काहून’ त्या आमच्यासारखं बोलल्या. नाहीतर त्यांची भाषा पुस्तकातली. त्यांचे डोळे भरले होते. मी खाली बसलो. पाच अर्ज पुढच्या वर्षावर गेले. वनिताचा अर्ज बाद झाला.

जीपमध्ये घाटंजीपर्यंत मी एकच विचार करत होतो, पोरीला सांगू कसं? गावात उतरलो, घरी गेलोच नाही, सरळ तांड्यावर. वनिता अंगणात भांडी घासत होती. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, मला बाज टाकून दिली. मी बसलो नाही.

“वनिता, नाई झालं. मी लय भांडलो. त्याइनं नाई धरलं.”

तिनं हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. “तुमी कायले गेलते काका?”

“कायले म्हंजे? तुह्यासाठी.”

“बाईनं आमाले त्याच दिवशी सांगतलं होतं. हे मोजल्या जाणार नाई. ज्याइले पुरस्कार पाहिजे त्याइनं आता घरी जा अन् शोषखड्डे करा म्हणे. मले तं वेगळी बोलावून रागावली. तुह्यं वय भरते, तू जाय म्हणे.”

“मंग?”

“मंग काय. मी म्हटलं, बाई, मी तं स्कार्फ काढला बी.”

एवढं बोलून ती पुढचं भांडं घासायला लागली. याडीनं चहा आणला तो तसाच थंड झाला. मला शांताचा राग आला. मला का नाही सांगितलं? मग वाटलं, सांगितलं असतं तर मी त्या मुलींना वावरातून हाकलून लावलं असतं. तिला ते माहीत होतं. आणि तिला ते गाण्याचे दिवस पाहिजे होते. एवढं एक तिनं स्वतःसाठी ठेवलं असेल. असेल म्हणतो. आता विचारू कोणाला?

पुढचं थोडक्यात सांगतो. ‘वनिताचं पाहा’ हे मी तेव्हा चुकीचं समजलो होतो, म्हणून नीट समजायचा प्रयत्न केला. नर्सिंगच्या फॉर्मसाठी मी तिला यवतमाळला घेऊन गेलो. नंबर लागला नाही. पुढच्या वर्षीही लागला नाही. सर्टिफिकेट असतं तर लागला असता का, हे मला कोणी सांगू शकलं नाही. कंपनीला दुसरी कॅप्टन मिळाली नाही, ती बंद पडली. त्यामुळे बाकीच्या पाच जणींचं ‘पुढचं वर्ष’ आलंच नाही. मॅडमची बदली झाली. तंबू आणि डेगची मी मोजून परत केली. एक खुंटी कमी भरली, ती मी विकत आणून दिली.

वनिता आता पांढरकवड्याकडे सासरी आहे, तिथं आशा ताईचं काम करते. घरोघरी जाऊन गरोदर बायांची, लेकरांची खबर घ्यायची. माहेरी आली की माझ्याकडे येते. गोळ्या घेतो का विचारते, खोटं बोललो की शांतासारखीच रागावते.

आजपर्यंत मी बाकी कोणाला सांगितलं नाही, इथं लिहितो. नियम चुकीचा नव्हता. मॅडमही चुकल्या नाहीत. मी आता इतकंच म्हणतो की, कोणी स्कार्फ काढून काम केलं असेल, तर त्याचा पुरस्कार मागायला मध्ये दुसऱ्यानं जाऊ नये. काम करणाऱ्यानं तो गळ्यातून काढतानाच हिशेब केलेला असतो.

शांताचा स्कार्फ माझ्याकडे आहे. तो तिनंही त्या दिवशी काढून ठेवला होता, मुलींच्या सहा घड्यांच्या खाली. हे मला संध्याकाळी गाडी जुंपताना दिसलं होतं. तेव्हाही मला वाटलं, मळेल म्हणूनच.