कोणत्या पिक्चरचं गाणं हे?

कोजागिरीची संध्याकाळ होती. आमच्या अनसिंग गावात आम्ही मुली घरोघर भुलाबाईची गाणी म्हणत फिरत होतो... साल पन्नासच्या दशकातलं, मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन.

भुलाबाई म्हणजे आम्हा वऱ्हाडातल्या मुलींचा महिनाभराचा सण. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. टिपऱ्यांच्या तालावर गाणी म्हणायची, मग डब्यात कोणता खाऊ आहे ते ओळखायचं... आणि खात खात पुढच्या घरी.

त्या वर्षी गावात टुरिंग टॉकीजचा तंबू आला होता. खेळ सुरू व्हायच्या आधी भोंग्यावर एकच रेकॉर्ड लागायची... रोज तीच. वाऱ्याबरोबर ती शेतांपर्यंत जायची. बाया निंदता निंदता तीच गुणगुणायच्या, आणि संध्याकाळी आम्हीही.

टॉकीजचा मॅनेजर हुशार माणूस. त्यानं जाहीर केलं, पिक्चरच्या चालीवर जो घोळका भुलाबाईचं गाणं सगळ्यांत चांगलं म्हणेल, त्याला फुकट पास! झालं... त्या दिवसापासून गल्लीगल्लीतून एकच चाल ऐकू यायला लागली. आयांची, आज्यांची गाणी कुणाला नकोच होती. शब्दसुद्धा सगळ्यांचे जवळजवळ तेच... सासर सोन्याचं, झोपाळा चांदीचा.

आमच्या घोळक्याची पुढारी शांता. आवाज खणखणीत, आणि पास मिळवायचेच असा तिचा हट्ट. आणि आमच्यातच होती गोदी, माझी जिवाभावाची मैत्रीण. उन्हाळ्यात लग्न होऊन गेलेली, सणासाठी माहेरी आलेली... दुसऱ्या दिवशी तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर, तिला न्यायला येणार होता.

गोदी आल्यापासून फार बोलत नव्हती. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचं पोलकं घालायची. मी विचारलं तर नुसती हसायची... मला वाटलं, लग्न झाल्यावर मुली अशाच होत असतील.

शेवटचं घर गोदीचंच होतं. चंद्र नुकताच वर आला होता. शेणानं सारवलेलं अंगण त्या उजेडात दुधासारखं दिसत होतं... मॅनेजरही गाणं ऐकायला येऊन एका कडेला उभा राहिला. गोदीचे बाबा ओसरीवर बसून होते. फार कडक माणूस. लेकीनं दिल्या घरी नांदावं, यापलीकडे त्यांना ऐकायचं नसे.

आम्ही सुरू केलं. सोन्याचं सासर, चांदीचा झोपाळा... गोदी गप्पच. शांतानं तिला कोपरानं ढोसलं.

"काहून वं गोदे, तोंड शिवलं का तुहं?"

"मले नाही जमत हे."

"मंग तुले जमते ते म्हन!"

शांता वैतागून बोलली होती. पण गोदीनं डोळे मिटले... आणि खरंच म्हणायला लागली. ती चाल मी कधी ऐकलेली नव्हती. संथ, मध्येच थांबणारी.

*भुलाबाई माय, इहीर लय खोल वं,*
*दोर माहा आखूड, जाते माहा तोल वं.*
*घागर म्हने ये वं, पानी म्हने ये वं,*
*माहेरच्या दारातून कोनी तरी बोल वं...*

टिपऱ्या आपोआप थांबल्या. मला आजही आठवतं, त्या क्षणी अंगण जमिनीवर नव्हतंच... कुठंतरी तरंगत होतं, आणि मध्ये एकटी गोदी.

मॅनेजरला मात्र गाणं फार आवडलं. "वा, बढिया! कोन्या पिक्चरचं गाणं हाय बाई हे?"

गोदीनं डोळे उघडले. "पिक्चरचं नाही... माहं हाय."

ओसरीवरून तिचे बाबा उठले. आता रागावतात की काय, म्हणून आम्ही मागे सरलो. ते अंगणात आले, गोदीसमोर उभे राहिले... आणि फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कवापासून हाय वं माय हे?"

"लग्नापासून, बाबा."

गोदीच्या आईनं पुढे होऊन तिच्या पोलक्याची बाही वर केली. चांदण्यात हातावरचे वळ काळे दिसले... ती माउली लेकीला छातीशी धरून तिथंच मटकन खाली बसली.

मॅनेजर चप्पल हातात घेऊन, आवाज न करता निघून गेला. पास दुसऱ्या गल्लीला गेले. शांतानं पासांचं नावही काढलं नाही... ती गोदीच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी जेठ बैलगाडी घेऊन आला. गोदीच्या बाबांनी त्याला स्वतः पाणी दिलं, आणि एवढंच म्हणाले, "पोरगी येत नाही. जेवून जा."

गावात खूप बोललं गेलं. पण गोदी राहिली, शिकली, पुढे कामरगावच्या शाळेत बाई झाली... वर्गात मुलींकडून त्यांचीच गाणी रचून घ्यायची.

आता माझ्या नातीच्या फोनवर बघते. शंभर मुली, एकच गाणं, हात वर करायची तऱ्हासुद्धा एकच. छानच दिसतात सगळ्या... पण मला वाटत राहतं, यातल्या एखादीला काही सांगायचं असेल तर ती कोणत्या चालीवर सांगत असेल? उसन्या गाण्यात गोदीची विहीर मावली नसती. आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या, आणि ती गाडीत बसून गेली असती.

म्हणून घरात कुणी लेकरू स्वतःचं काही वेडंवाकडं गुणगुणायला लागलं की मी टीव्ही बंद करते... आणि त्याचं संपेपर्यंत ऐकते.