टायरवरचा बाण

माझ्या गाडीच्या टायरांना फुली कुणी मारली, हे विचारलं तर आमच्या घरात आजही कुणी तोंड उघडत नाही. मीच सांगते. वडिलांनी मारली, आणि मी शेजारी उभी राहून मारू दिली. मला आधी राग आहे तो माझ्या त्या उभं राहण्याचा.

मी गारगोटीला कॉलेजात शिकवते. कळंब्याहून रोज जाऊन-येऊन. पावसाळ्यात त्या रस्त्यावर ट्रॅक्टरनी आणलेला चिखल असतो, खड्ड्यांत पाणी असतं. म्हणून मुद्दाम पाणी कापणारे टायर घेतले होते. असल्या टायरची नक्षी एकाच दिशेला वळलेली असते आणि अंगावर बाण असतो. गाडी पुढं जाताना चाक त्या बाणाच्या दिशेनंच फिरलं पाहिजे. वर्षभरात पुढच्या दोन्ही टायरांच्या कडा झिजल्या, मागचे धडधाकट. तेव्हा पुढचे मागं नि मागचे पुढं घालायचे, एवढंच काम. फक्त डावं डावीकडंच राहिलं पाहिजे, उजवं उजवीकडंच. नाहीतर नक्षी उलटी फिरते आणि पाणी कापायचं सोडून चाकाखाली ओढून घेते. हे सगळं मी नीट वाचून गेले होते.

पण आबा बरोबर होते. आबा म्हणजे माझे वडील, हयातभर सरकारी जीप चालवलेले. त्यांच्यापुढं टायरची गोष्ट काढायची म्हणजे हलवायाला जिलबी शिकवायची. गॅरेजात त्यांनी बोटानं हवेत गुणाकाराचं चिन्ह काढलं आणि फिटरला म्हणाले, "फुली मार." म्हणजे डावं पुढचं उजवीकडं मागं, उजवं पुढचं डावीकडं मागं, आणि मागचीही तशीच तिरकी पुढं. जीपला त्यांनी जन्मभर तेच केलं होतं.

मी म्हटलं, यांना बाण आहे, फुली चालत नाही. फिटरनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, आबांकडं बघितलं. बाणाच्या शेजारी इंग्रजीत 'रोटेशन' लिहिलेलं होतं, म्हणजे चाकानं कुठल्या बाजूला फिरायचं ते. फिटरनं एकेक अक्षर लावून ते वाचलं आणि वर मलाच समजावलं, "रोटेशन करा म्हणूनच लिवलंय की म्याडम." गॅरेजात टायरांच्या अदलाबदलीलाही रोटेशनच म्हणतात. कपाळ माझं. मी आबांना म्हटलं, तुम्ही तरी बघा. आबा वाकले, टायरकडं बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले की असले बाण जीपलाबी असायचे. गॅरेजात चार माणसं उभी होती. चारचौघांत बापाला कसं खोटं पाडायचं? पंचेचाळिशीची बाई, वर्गात पोरांना दरडावणारी, आणि तिथं गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी इस्पुर्लीच्या पुढं जोराची सर आली. वळणावर पाणी साठलं होतं. स्टेअरिंग हातात होतं, गाडी हातात नव्हती. वळण सोडून ती सरळ गेली आणि उसाच्या बांधाला टेकली. समोरून काही आलं नाही म्हणून आज हे लिहितेय. तोंडात शिव्या होत्या, फिटरपासून बापापर्यंत. लिहिण्यासारख्या नाहीत त्या.

दुपारी घरी आले. आबांना सगळं सांगितलं तर म्हणाले, ब्रेक जोरात मारला असशील. माझं डोकं असं फिरलं की दंडाला धरून त्यांना गाडीपाशी नेलं. पाऊस थांबला होता, चांगलं लख्ख ऊन होतं. म्हटलं, आता बाण दाखवा.

आबा वाकले. टायरवरून अंगठा फिरवला. "ह्यो काय. पुढंच हाय की."

बाण त्यांच्या अंगठ्याच्या चार बोटं वर, चाकाच्या माथ्याला होता, आणि त्याचं टोक डिकीकडं होतं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. विचारलं, तुम्हाला दिसत नाही का? ते रुमालानं अंगठा पुसत राहिले. मग म्हणाले, जवळचं तेवढं दिसत नाही, लांबचं झ्याक दिसतंय. आपलेच दात, आपलेच ओठ. दर रविवारी हा माणूस हीच गाडी घेऊन माझ्या आईला कोडोलीला मावशीकडं नेत होता, आणि मी निवांत झोपा काढत होते. मी ओरडले. गल्लीला ऐकू जाईल एवढी ओरडले.

आई दारात आली. नवऱ्याची बाजू घ्यायला म्हणाली, "उगं बोलू नगंस त्यास्नी. मी असते की शेजारी. सांगत असते, ट्रॅक्टर आला, म्हस आली, डावीकडं घ्या म्हणून."

आबांनी तिच्याकडं अशी मान वळवली की तिनं पदर तोंडाला लावला. किती रविवार झाले, ते मी विचारलंच नाही. माझ्यात ऐकायची ताकद नव्हती. नुसता हात पुढं केला.

"किल्ली द्या, आबा."

 त्यांनी खिशात हात घालून त्यांच्याजवळची दुसरी किल्ली काढली आणि पुढं केली, माझ्या हाताच्या वीतभर बाजूला. माझा राग तसूभर कमी झाला नव्हता. मी हात सरकवून त्यांच्या किल्लीखाली नेला.