लोकाग्रहास्तव

मैदानाच्या फाटकावर कापडी फलक अजून लटकतो आहे, ‘आज शेवटचा दिवस’. आत मात्र काहीच उरलेलं नाही. आकाशपाळण्याच्या जागी चार खड्डे आहेत आणि वाळल्या गवतावर लाकडी घोड्यांच्या चक्राचा गोल वण.

आमच्या शहरात या फलकावर कुणी कधी विश्वास ठेवला नाही. दर मे महिन्यात जत्रेत तो लागायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर लाल पट्टी चिकटायची, ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’. आग्रह कुणी केला हे कधी कळलं नाही. वडील म्हणायचे, "उद्या जाऊ, गर्दी कमी असेल." पुढे मीही तेच म्हणू लागलो. ताटाएवढे पापड, वेडेवाकडे दाखवणारे आरसे, सगळं आपल्यासाठी थांबतं असं आम्ही धरूनच चाललो होतो.

काल संध्याकाळी ताई म्हणाली, "आज जाऊ या रे. जन्मभर घाबरले, एकदा तरी पाळण्यात बसायचंय." ताई पंच्याहत्तरीची, चार दिवस माझ्याकडे आलेली. मी म्हटलं, "अगं, वाढवतात ते. उद्या निवांत जाऊ."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फलक खरं बोलला. माझा संताप होतो तो याचाच. खोटं बोलणाऱ्याचीही सवय होते, त्याच्या भरवशावर आपण बेत आखतो.

ताई ठेवणीतली साडी नेसून फाटकाचे गज धरून उभी आहे. मग वळून म्हणते, "असू दे. पुढच्या वर्षी येईनच की मी."

आवाज अगदी वडिलांसारखा निवांत आहे. मला मात्र आता त्यावर विश्वास ठेवता येत नाही.