लोकरीचा काठ

मिरजगावच्या छबूबाईचा दिवस खडी फोडण्यात जाई. बहात्तरचा दुष्काळ होता. मेंढरं चाऱ्यापायी लांब गेलेली, घरातला घोंगड्यांचा माग गप्प पडलेला. नवरा रंगनाथ जातिवंत विणकर; पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्याला धागाच दिसेना.

अशात नगरच्या एका मिशन शाळेच्या सिस्टर लोकरीचं काम करणारं घर शोधत आल्या. नाताळात मुली एका संताचं नाटक करणार होत्या, आठशे वर्षांमागच्या युरोपातलं.

"तेव्हा तिकडे नायलॉनची लेस नव्हती," सिस्टर म्हणाल्या. "अंगरख्याची कड झिजू नये म्हणून लोकरीची अरुंद पट्टी विणून लावत. आतलं कापड जवसाच्या धाग्याचं."

"जवसाची आमी चटणी करतो," छबूबाई म्हणाली. "लोकर हाय थोडी. दीन इनून."

सिस्टर गेल्यावर रंगनाथ पुटपुटला, "बाईनं सूत काढावं. इनायचं गड्यानं."

"मग इना की तुमी."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. बोलल्याचं तिला वाईट वाटलं, पण समजूत घालायचंही अंगात त्राण नव्हतं.

कामावरून आली की ती धाग्यांचं एक टोक मेढीच्या खांबाला बांधी, दुसरं कमरेला, आणि मागं रेलून ताण देई. नाडा विणावा तसंच ते. खडीनं बोटं फुटलेली. लोकर भेगांत अडके. पट्टी मध्येच वाकडी गेली, तरी उसवायचा कंटाळा करून तिनं तशीच पुढं रेटली.

एका संध्याकाळी रंगनाथ जवळ सरकला. पट्टी बोटांत धरून चाचपत म्हणाला, "हितं सैल पडलीय. उसव."

"जीव न्हाई राहिला अंगात."

"मी उसवतो. तू टेक जरा."

मग रोजच तो हातानं पट्टी तपासू लागला. ती विणी, तो सांगे.

पट्ट्या लावून शाळेत अंगरखे तयार झाले, पण नाटक झालंच नाही. शाळेची विहीर आटली आणि बहुतेक मुलींना घरी धाडावं लागलं. मागं राहिलेल्या पोरक्या मुलींना सिस्टरांनी तेच अंगरखे थंडीत वापरायला दिले. हे सांगायला त्या स्वतः आल्या, तेव्हा ओशाळल्या होत्या.

"काठ टोचतो का पोरींना?" छबूबाईनं विचारलं.

"थोडा टोचतो. पण ऊब आहे."

छबूबाईनं मान डोलवली. रंगनाथ सिस्टरांना पट्टीची वीण समजावत बसला, आणि ती भिंतीला टेकल्याटेकल्या झोपी गेली.