देवमासा, कोकिळा आणि ग्रहण

“धाकटी बोलत नाही, एवढं एक बरं आहे.”

सासूबाई विहिरीवर शेजारणीला सांगत होत्या. मी पलीकडे वाकून अळू काढत होते. न बोलणाऱ्या माणसाकडे किती गोष्टी साठतात, हे त्यांना कुठलं ठाऊक? माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नाही, पण या घरातल्या एवढ्या साठल्यात की आता राग येतो.

आमचे हे रत्नागिरीतच हायस्कुलात सायन्स शिकवतात. जेवताना रोज एक नवल सांगतात. त्यावर मामंजींचं उत्तर ठरलेलं. “असेल बापडं. आपल्याला काय त्याचं?” विषय संपला.

*

एकदा हे म्हणाले, “देवमासा हा मासाच नव्हे. पिल्लाला दूध पाजतो.”

मामंजींचा घास थांबला. “मासा नव्हे? मग सोमवारी चालेल काय?”

सासूबाई म्हणाल्या, “माझी कढई तेवढी मोठी नाही.”

*

भाट्याच्या खाडीत अंधारात वल्हं मारलं की पाणी चमकतं. ते बारीक जीव असतात, असं यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पिण्याचं पाणी दोनदा गाळायचं ठरलं. गाळणार अर्थात मी.

आपल्या विहिरीत ते जीव नसतात, एवढं सांगायला यांचं काय जात होतं? चहा पीत हसत राहिले.

*

कोकिळा आपली अंडी कावळिणीच्या घरट्यात घालते.

सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, “म्हणजे लोकांची पोरं पोसायची पाळी पाखरांवरसुद्धा येते.”

सगळे हसले. त्यांच्या पानातला भात पहाटे उठून मीच कांडला होता. मी गुमान ताक वाढलं.

*

ग्रहणाच्या आदल्या संध्याकाळी यांनी ओटीवर कंदील, नारळ आणि सुपारी घेऊन ग्रहण करून दाखवलं. “नुसती सावली असते,” म्हणाले.

“असेल बापडं,” मामंजी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी वेध लागताच थोरल्या जाऊबाईंना अंधाऱ्या खोलीत घातलं. त्या पोटुशी. थोरले दीर मुंबईला गिरणीत, म्हणजे त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. गर्भारणीने ग्रहण पाळायचं. काही चिरायचं नाही, कूस बदलायची नाही, पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पाणी बाटू नये म्हणून घागरीत तुळशीपत्र मात्र टाकलेलं.

आतून आवाज आला, “कोण आहे का गो? डोळ्यांपुढे अंधारी येते. घोटभर पाणी द्या.”

सासूबाई दारातच माळ घेऊन बसल्या होत्या. “जरा कळ काढ गो.”

मी यांच्याकडे पाहिलं. कालची सुपारी अजून कोनाड्यात होती. हे ओल्या पंच्याने पाटावर बसून, डोळे मिटून जप करत होते.

मी तांब्या भरला. तेव्हा यांनी डोळे उघडले.

“अगं, ग्रहण सुटायचंय अजून.”

“असेल बापडं,” मी म्हणाले. “आपल्याला काय त्याचं? सासूबाई, दारातून सरा.”