गुलाबी दांड्याचा आरसा

काल केबिन रोडवरच्या दुकानात गुलाबी दांड्याचे आरसे टांगलेले दिसले आणि ती दुपार आठवली. मणक्याला मार लागून माझी कमरेखालची जाणीव गेली होती, हॉस्पिटलातून नुकतंच घरी आणलं होतं. खोलीभर स्पिरिटचा वास होता. घरी येणारी सिस्टर मला कुशीवर वळवून बायकोला शिकवत होती, "ताई, रोज सगळं अंग बघायचं. लाल दिसलं की तिथे जखम होणार." बायकोची रजा संपत आली होती. "सिस्टर, मला शिकवा," मी म्हटलं, "अंग माझं आहे." "दादा, तुम्हाला दिसणार कसं?" माझं डोकंच फिरलं. बायकोने खिडकीतला तिचा गुलाबी दांड्याचा आरसा माझ्या हातात दिला. त्यात आधी पंखा दिसला, मग कंबर, मग पाय. "टाचेवर लाल झालंय," मी म्हटलं. सिस्टरने वाकून पाहिलं आणि पुढचं सगळं मलाच सांगितलं. बायको कामावर जायला लागली. त्या आरशाचा दांडा परवा तुटला, म्हणून काल दोघं नवा घ्यायला गेलो, तर दुकानदार माझ्या व्हीलचेअरच्या वरून बघत बायकोला विचारतो, "भाभी, इनको क्या चाहिए?" "वो गुलाबीवाला," मी म्हटलं, "और मेरे हाथ में दो."